टोळीतलं नाव

"ही कोन?" चहाचे कप ठेवता ठेवता प्रेमिलानं टीव्हीकडे बोट दाखवलं.

"बाजूला हो ना वं, दिसून नाही राहिलं," तिचा नवरा चंद्रभान म्हणाला.

ब्लॅक अँड व्हाईट पडद्यावर चार ठेंगणी माणसं भुयाराच्या तोंडाशी उभी होती. प्रेमिलाच्याच भावानं मस्कतहून आणलेला कॉम्प्युटर. साऱ्या प्रतापनगरात तेवढा एकच असावा. तो टीव्हीला जोडला की चंद्रभानचा रविवार तिथंच संपायचा. खेळात आपली एक टोळी करायची, एकेकाला नाव द्यायचं आणि त्यांना घेऊन राक्षसांच्या मुलखात शिरायचं. म्होरक्याला त्यानं स्वतःचंच नाव दिलं होतं, चंदू. तलवारवाल्याला ऑफिसातल्या कवडूचं. कुलपं फोडणाऱ्या चोराला गल्लीतल्या कुत्र्याचं, भुऱ्याचं. चौथी होती वैद्यीण. पांढरा झगा, मोकळे केस, आणि पायाशी इंग्रजीत नाव, शोभा.

खऱ्या शोभाताई शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोरच्या घरात राहायच्या, शाळेत इंग्रजी शिकवायच्या. पडद्यावरचं इंग्रजी चंद्रभानला अडलं की अर्थ सांगायला त्यांना बोलावणं जायचं. तोंडावर तो त्यांना अदबीनं 'शोभाताई' म्हणे. पडद्यावर मात्र नुसतीच शोभा. 'ताई' मावत नव्हती म्हणे.

भुयारातून राक्षस आला आणि चंदूला घाव बसला. वैद्यीण पुढे सरकली, तिनं त्याच्या अंगावरून मलमाचा हात फिरवला. चंदू टुणकन उभा राहिला.

"वाचवलं बाप्पा शोभाताईनं!" चंद्रभान खुशीत ओरडला.

शोभाताईही हसल्या. "नुसती लढाई असती तं मी उद्या इसरली असती. पन आपलं नाव आत गेलं ना, का जीव अडकते. काल वर्गात शिकवून राहिली होती, अन् डोक्यात हेच, का आपला चंदू भुयारातून निघन कसा?"

आपला चंदू! प्रेमिलानं कप आपटतच गोळा केले. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यानंही तिला नावानं हाक मारली नव्हती. सासूबाई होत्या तोवर मारायची सोय नव्हती, आणि त्या गेल्यावर सवय उरली नव्हती. 'अवं' म्हटलं की ती यायची. घरी पाय चेपायला बायको, आणि मलम लावायला शोभा! तिला हेवा वाटत होता. शोभाताईंचा वाटत होता तो एक वेळ ठीक, पण कुत्र्याचाही वाटत होता, ते जास्त लागलं.

शोभाताई कुकर लावायला घरी गेल्या. कूलरमधलं पाणी संपून गरम वारा यायला लागला, तसा चंद्रभानही बादली घेऊन उठला.

"कशाले हात नको लावू. आलोच टाकी भरून."

नागपूरच्या मे महिन्यात कूलरची टाकी एका बादलीत भरत नाही. प्रेमिलाला तेवढा वेळ पुष्कळ होता.

कोणता आकडा दाबला की कोण पुढे जातं, हे तिनं चहा देता देता पाहून ठेवलं होतं. राक्षस समोर उभाच होता. तिनं चार दाबला. वैद्यीण एकटी पुढे झाली. तिच्याकडे तलवार नव्हती, मलमाची डबी होती. प्रेमिलानं पुन्हा चार दाबला, आणि पुन्हा. मग पांढरा झगा दिसेनासा झाला. त्या जागी एक दगड आला आणि दगडावर नाव.

तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं. मग समोरच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि शोभाताई धडधाकट आहेत हे कळून थोडं हायसंही वाटलं.

चंद्रभान ओल्या हातांनी आत आला आणि पडद्यापुढे थबकला.

"काय केलं हे?"

"बटन दाबल्या गेलं."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता त्या दगडाकडे बघत बसला. तिनं ताट वाढलं, त्याच्या आवडीचा आमरस वाढला. त्यानं पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"भूक नाही."

"रस हाये ना."

"असू दे. कितीकदा वाचवलं तिनं मले."

प्रेमिलाच्या अंगाचा तिळपापड झाला. डबड्यातली वीतभर बाई, आणि हा माणूस तिचं सुतक पाळत होता!

"एवढी लाडकी होती तं आना ना तिले परत."

"नवी वैद्यीण भेटन. ती नाही येत. या खेळात गेलं ते गेलंच."

"अन् माहं नाव काहून नाही टाकलं? कुत्र्याचं टाकलं. मी त्या भुऱ्याच्याही खाली हाओ का?"

चंद्रभाननं मान वर केली. असं कुणी विचारेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नसावं.

"मरतेत ना वं मानसं त्याच्यात," तो म्हणाला. "तुहं नाव कसं टाकू?"

दुसरी एखादी असती तर इथं विरघळली असती. प्रेमिलानं पदराला हात पुसले. त्याच्यापुढचं ताट उचलून बाजूला सारलं आणि कीबोर्ड वायरींसकट आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

"टाका," ती म्हणाली. "मले पाहाचं हाये, मी मेल्यावर तुमी जेवता का नाही."