दुसरा मान

पोळ्याच्या रांगेत पाटलांचा मानाचा बैल सर्वांत पुढे होता. त्याच्यामागे, दुसऱ्या मानाची, नागोरावची जोडी. वाऱ्याने पुढच्या बैलाची झूल उडाली आणि गाठींनी भरलेली पाठ उघडी पडली. तिच्यावर माशा घोंगावत होत्या.

"पाटील, लंपी हाय ही," नागोराव म्हणाला. "ह्याच्यावरची माशी माझ्या बैलांवर बसंल. जनावर घरी न्या."

"घामोळं हाय ते, भागूबाई!" पाटील खेकसले. "रांग सोडलीस तर तुझ्या घरचा मान संपला."

हशा पिकला. तीन पिढ्यांचा मान सोडून नागोरावने जोडी बाहेर काढली. निदान मागचे तरी शहाणे होतील, या आशेने त्याने वळून पाहिलं.

मागचा देविदास आपले बैल घाईघाईने त्या मोकळ्या जागेत घालत होता. दुसरा मान त्याच्या घराला पहिल्यांदाच मिळत होता.