वाल्दोरियाचं सैन्य

जगात कुठेच नसलेल्या वाल्दोरिया देशाचं सगळं सैन्य लीड्समधल्या क्लाइव्हने परसातल्या शेडमध्ये उभं केलं होतं. खेळण्यातल्या स्वस्त गाड्यांना खाकी रंग द्यायचा आणि आत ड्रायव्हर नसतो, म्हणून काचा आतून काळ्या करायच्या.

"यंदा तरी कप आण," बायको ऑड्री म्हणाली. "तीन वर्षं तुझं सैन्य नुसतं हरतंय!"

मॉडेल बनवणाऱ्यांच्या क्लबातल्या स्पर्धेत परीक्षकबाईंनी एक ट्रक उचलला. "अगंबाई, चाकांना ओला चिखल! कसा जमवलात?"

"सवयीने," क्लाइव्ह म्हणाला. चिखल त्याने लावलाच नव्हता. पण कप हवा होता.

"आणि बाहेर बघण्यापुरती काच आतून पुसलेली! पहिलं बक्षीस!"

क्लाइव्हने कप उंचावला. टाळ्या थांबेपर्यंत उरलेल्या अकरा गाड्यांच्या काचाही आतून पुसून झाल्या होत्या.