बशीतले कर्णिक

वर्षश्राद्धाला कमलिनीबाई कर्णिक प्रयोगशाळेत गेल्या. यजमानांच्या फुफ्फुसातल्या पेशी तिथे काचेच्या बशीत जिवंत ठेवल्या होत्या. वाफ किंवा धूर लागून त्यांतलं एन्झाइम जागं झालं की बशी हिरवी उजळे. आज उजळेना.

"काकू, प्रतिसाद नाही आला तर बशी बंद करावी लागेल," तिथली मुलगी म्हणाली.

बाईंनी तुळशीची वाफ देववली, धूप देववला. बशी ढिम्म. कावळा शिवत नसला की गेलेल्याची इच्छा ओळखावी लागते. जिच्यावरून जन्मभर घर डोक्यावर घेतलं, ती सिगारेट त्यांनी निमूट मागितली.

मुलीने बशीवर धूर सोडला. वासासरशी गॅलरी, वेताची खुर्ची, तो खोकला, सगळं परत आलं. बशी हिरवीगार झाली.

डोळे पुसत बाई बशीवर करवादल्या, "बघा! मेल्यावरसुद्धा माझं ऐकायचं नाही!"