लिहून दिलेलं दुःख

"मदर, किल्ली द्या."

मदर खोलीच्या दारातच उभ्या होत्या. आत लोखंडी खाटेवर थोरल्या सिस्टर कण्हत होत्या. दुपारचे दोन वाजले होते. मॉर्फिनचं इंजेक्शन दर चार तासांनी द्यायचं, असं डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. शेवटचं दिलं त्याला तीस तास होऊन गेले होते.

"नाही देता येणार," मदर म्हणाल्या. "तुला कारण सांगितलंय."

धाकटी सिस्टर मठाची नर्स होती. आजारी, म्हाताऱ्या सिस्टरांचं सगळं तिच्याकडे होतं. औषधांच्या कपाटाची किल्ली मात्र कालपासून मदरनी स्वतःजवळ ठेवली होती. थोरल्यांची पेटी आवरताना तिच्यात एक कागद सापडला होता. वीस वर्षांपूर्वीचा, त्यांच्याच अक्षरातला, खाली सही. 'माझ्या अखेरच्या आजारात मला गुंगीचं औषध देऊ नये. माझ्या वेदना मी ख्रिस्ताच्या वेदनांना जोडून पापी लोकांच्या तारणासाठी अर्पण करत आहे. शेवटी माझं शरीर गयावया करील. त्याचं ऐकू नका.'

"या कागदावर त्यांनीच लिहिलंय, ऐकू नका म्हणून," मदर म्हणाल्या.

"लिहिलं तेव्हा त्या धडधाकट होत्या. दोन-दोन मजले चढून शिकवायला यायच्या आम्हाला. आता कॅन्सर मणक्यांत उतरलाय, मदर. कूस बदलून देताना हाड मोडेल की काय, असं वाटतं मला."

"मलाही त्यांनीच घडवलंय. त्यांचा शब्द मी मोडू?"

कालपासून मदरनी अन्नाला हात लावला नव्हता. खाटेशेजारी गुडघे टेकून टेकून त्यांना आता धड उभंही राहवत नव्हतं. धाकटीला त्याचाच जास्त संताप येत होता. समोर दुष्ट बाई असती तर किल्ली हिसकावून घेता आली असती.

"तुम्ही उपाशी राहिलात म्हणून त्यांचं दुखायचं थांबलं का?"

"आवाज खाली कर."

"नाही करणार. आज्ञा पाळायचं व्रत घेतलंय मी. बहिरी व्हायचं नाही घेतलं."

"इकडे या दोघी," खाटेवरून थोरल्या म्हणाल्या.

दोघी आत गेल्या.

"कसला कागद? वाच."

मदरनी खिशातून कागद काढून वाचला. मधेच कळ आली. थोरल्यांनी खाटेची दांडी घट्ट पकडली, त्यांची बोटं पांढरी पडली. मदर थांबल्या. कळ ओसरल्यावर त्यांनी उरलेल्या ओळी वाचल्या.

"कुणी लिहिलंय हे?"

"तुम्हीच, सिस्टर."

"मूर्ख बाई होती. तिचं कुठं काय दुखत होतं!"

मदर गांगरल्या. "पण तुम्हीच म्हणायचात, दुःखाला अर्थ असतो. देव ते वाया जाऊ देत नाही."

"असेल अर्थ. मला नाही सापडला. 'हे आमच्या बापा' म्हणते आणि पुढची ओळ यायच्या आत किंचाळते." त्यांना धाप लागली. "तो क्रुसावर होता तेव्हा म्हणाला, मला तहान लागलीय. म्हणाला ना?"

"म्हणाला."

"तेव्हा कुणी सांगितलं त्याला, तहान अर्पण कर म्हणून? अगं, त्या शिपायांनीसुद्धा बोळा भिजवून त्याच्या तोंडाला लावला. आंबट द्राक्षारस का होईना, पण लावला! आणि तुम्ही माझ्या लेकी. कमरेला किल्ली लावून माझ्या उशाशी जप करताय!"

शेवटचं वाक्य त्यांनी ओरडूनच काढलं. बाहेरच्या व्हरांड्यात कुणाची तरी पावलं थबकली.

मदरनी किल्ली काढून दिली.

धाकटीनं कपाट उघडलं. कुपी फोडून औषध सिरिंजमध्ये ओढलं. मग तिनं सुई टोचली आणि थोरल्यांचा दंड चोळत बसून राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"किती पोरींना शिकवलं गं मी हे?" त्यांनी विचारलं.

"शंभरएक असतील," धाकटी म्हणाली.

"दाढ दुखतेय? अर्पण कर. आई गेली? घरी जायचं नाही, अर्पण कर." त्यांची जीभ जड व्हायला लागली होती. "अर्पण करायचं तर माणसानं आपलं करावं. मी तुम्हा पोरींचं करत राहिले."

थोरल्यांनी मान कष्टानं मदरकडे वळवली.

"तुझा हात भाजला होता ना? धुण्याच्या खोलीत, उकळत्या पाण्यानं? मी मलम लावू दिलं नव्हतं. आठवतं का तुला?"

धाकटीनं चमकून मदरकडे पाहिलं. इतकी वर्षं एका छताखाली काढली, पण मदरचे हात तिनं मनगटाच्या वर कधी पाहिलेच नव्हते.

मदरनी डावी बाही कोपरापर्यंत वर ओढली. कातडं आवळून चकाकत होतं, मधेमधे त्याच्या गाठी झाल्या होत्या. तो हात त्यांनी थोरल्यांच्या चेहऱ्यासमोर धरला, अगदी जवळ.

"चाळीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "नीट बघा."

थोरल्यांच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. मदरनी हात मागे घेतला नाही.