घरचं माणूस

अमरावतीच्या त्या दवाखान्यात सकाळच्या राउंडला आयसीयूतल्या पेशंटजवळ घरचं एक माणूस उभं करत. नत्थुजींच्या खाटेशी बारा दिवस त्यांची मुलगी रागिणी उभी होती. रोज अकोल्याहून यायची आणि डॉक्टरांना बजावायची, "बाबाले डाव्या कानानं आयकू येत नाही, उजवीकडून बोला."

तेराव्या दिवशी घशातली नळी निघाली. डॉक्टरांनी उजव्या कानाशी वाकून विचारलं, "बाबा, ही कोण? ओळखलं का?"

नत्थुजींनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "मले एकच पोरगा हाये, कुलदीप. पोरगी मेली. नऊ वर्सं झाले."

डॉक्टर हळहळले. "मेंदूवर परिणाम झालाय. आठवणींचा गोंधळ होतो असा."

 

"गोंधळ नाही, सर," रागिणी म्हणाली. "मी पळून जाऊन लग्न केलं, त्याले नऊच वर्सं झाले."