बारशाची जर्सी

फुटबॉल भिंतीवर आपटला आणि ओट्यावरचं झाकण खणखणत खाली पडलं.

"जुई, हळू! बाळ उठेल," गौतमी म्हणाली.

समोर तालमीचे बापू उत्तराची वाट बघत बसले होते. पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ वीस वर्षांनी कसा असेल, त्याची जुळणी आतापासून त्यांच्याकडे होती. बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून यंत्राने सांगितलं होतं, की ही पोरगी डाव्या पायाची फॉरवर्ड होणार. आईने बारशाला संघाची जर्सी पाळण्यात ठेवली, की पोर तालमीचं, अशी आता रीतच पडली होती.

"वैनी, नशीब काढलंय पोरीनं! पलीकडची पेठ टपून बसलीया."

"बापू, अजून मान धरत नाही ती."

"मान कशाला? पाय बघा की!"

गौतमी हसली, पण बापूंनी आणलेली जर्सी तिने मांडीवरच धरून ठेवली. दाराशी घामेजलेली जुई येऊन उभी राहिली. सहा वर्षांची पोर, दिवसभर चेंडूमागे धावणारी. रक्त तिचंही तपासलं होतं, पण तिच्या बारशाला तालमीचं कुणीच आलं नव्हतं.

जुईने जर्सीवरच्या आकड्यावरून हळूच बोट फिरवलं.

"आई, माझ्या रक्तात काय दिसलं होतं गं?"