सुकेळीचा तुकडा

आमची अश्लेषा जर्मनीत माकडांच्या मेंदूचे एमआरआय काढायची. तिथलं चुंबक इतकं ताकदीचं, की माकड जरा हललं तरी फोटो बिघडायचा. म्हणून भूल न देता त्यांना स्वस्थ पडून राहायला शिकवणं, हेच तिचं काम.

२००६च्या मे महिन्यात ती विरारजवळ बोळिंजला घरी आली, तोवर तिचे बाबा डोक्याच्या एमआरआयमधून दोनदा उठून पळाले होते. "त्या खडखडाटात माझ्याने पडून राहवत नाही," म्हणाले.

तिने ह्यांना रोज डायनिंग टेबलाखाली निजवलं आणि उशाशी मिक्सर लावला. "बाबा, बंद होईपर्यंत हलायचं नाही. माकडांना आम्ही रस देतो, तुम्हाला सुकेळीचा तुकडा." मिक्सर थांबला, की ती त्या सुकवलेल्या केळ्याचा तुकडा ह्यांच्या तोंडात घालायची.

आठवड्याभरात स्कॅन सुरेख निघाला, रिपोर्टही नॉर्मल आला आणि ती परत गेली.

त्यानंतर दोनच दिवसांनी हे दारात उभे राहून सोसायटीच्या सेक्रेटरीशी पाण्याच्या टँकरवरून तावातावाने भांडत होते. मी आत चटणीसाठी मिक्सर लावला. हे शब्द अर्धा सोडून गप्प झाले, पापणीही हलेना.



मी मिक्सर बंद केला, तसा ह्यांनी सेक्रेटरीपुढे आ केला.